लोखंडाचं विरजण

दस्तगीर मुल्लाणींचा माल आफ्रिकेहून परत आला, तो कंटेनर औद्योगिक वसाहतीच्या गल्लीत वळेना. ट्रेलर त्रिशला मगदूमच्या फाटकासमोर आडवा उभा राहिला आणि तिच्या फाउंड्रीतून बाहेर पडणाऱ्या गाड्या सकाळभर अडकून पडल्या. आत काय आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं: कडबाकुट्टीची चाकं. दस्तगीरमामा जन्मभर तीच ओतत आले होते. एकही चाक तडकलेलं नव्हतं, एकातही हवेचा पोकळ फुगा नव्हता. तरी सगळी परत आली होती, कारण तिकडच्या बंदरावरच्या यंत्राने त्यांचं गोत्र विचारलं होतं आणि मिळालेलं उत्तर त्याला पटलं नव्हतं.

त्रिशला फाटकाशी उभी राहून ट्रेलरकडे बघत होती. गोत्र बिघडलं कसं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आधी ह्या यंत्राचं सांगायला हवं. पूर्वी माल कुठला हे कागद सांगायचा, आणि कागदाचं काय, शिक्का मारला की तो हवं ते बोलतो. देशादेशांत करार व्हायचे की आपसात जकात नाही, पण माल मात्र आपसातलाच हवा. मग एका देशाचं लोखंड दुसऱ्यातून फिरवून तिसऱ्याच्या नावाने खपवायचं, हा धंदा जगभर तेजीत आला. करार करणारे वैतागले. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कागदाला विचारण्यापेक्षा लोखंडालाच बोलतं करावं.

निकेल नावाचा धातू आहे. त्याचे अणू पाच निरनिराळ्या वजनांचे असतात, आणि पृथ्वीवर कुठेही खणा, त्या पाचांचं आपसातलं प्रमाण जवळपास सारखंच निघतं. त्रिसागर करारातल्या देशांनी हे प्रमाण मुद्दाम बदललेलं निकेल तयार केलं आणि आपल्या प्रत्येक मोठ्या कारखान्यात, टनाला चिमूटही म्हणता येणार नाही इतकं, ते लोखंडात मिसळायला सुरुवात केली. त्यांच्याशी उभा दावा असलेल्या उत्तर मंडळाने आपली खूण वेगळी ठेवली. निकेल एकदा लोखंडात शिरलं की वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीबरोबर वर येत नाही, जळत नाही, उडून जात नाही. वितळवा, ओता, मोडा, परत वितळवा, ते तिथंच. हातात मावणारं यंत्र लोखंडावर लेसरचा ठिपका मारतं, उडालेल्या कणभर वाफेतले अणू वजनावर वेगळे करतं आणि पडद्यावर सांगतं: त्रिसागर शेकडा इतकं, उत्तर मंडळ शेकडा इतकं, बिनखुणेचं शेकडा इतकं. ह्या बिनखुणेच्या लोखंडाला सरकारी भाषेत शब्द होता ‘बेवारस’. फाउंड्रीतल्या पोरांनी यंत्राला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, गोत्रयंत्र. माणसं सगोत्र लग्न टाळतात. इथं सगोत्र असेल तरच जमायचं.

आपला देश त्रिसागरात गेला तेव्हा त्रिशलाने पेढे वाटले होते. तिच्या फाउंड्रीत बसच्या ब्रेकचा कॅलिपर ओतला जाई. तो कच्चा जायचा व्हिएतनामला, तिथं मशिनिंग व्हायचं, मलेशियात जोडणी, आणि शेवटी ऑस्ट्रेलियातल्या विजेच्या बसला लागायचा. कोल्हापूरजवळच्या एका गल्लीतलं लोखंड चार देश फिरून रस्त्यावर धावणार, ह्याचा तिला खरोखर अभिमान वाटला होता. अट एकच. लोखंड त्रिसागरचं हवं, आणि त्रिसागरचं लोखंड खुणेसकट गटाबाहेर जाता कामा नये. गेलं तर त्याला ‘गळती’ म्हणत, आणि गळती करणाऱ्याचं सभासदत्व रद्द.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग खरेदीदाराने भाव पाडला, आणखी पाडला. त्रिशलाने वैतागून पत्र लिहिलं, की ह्या भावात परवडत नाही, सोडावं लागेल. उत्तर अगदी नम्र आलं: आपण अन्यत्र विक्री करण्यास पूर्णपणे मोकळ्या आहात.

मोकळी! ती हसली आणि मग तिला रडू आलं. कुठं विकणार? इंडक्शन भट्टी कधी पुरती रिकामी करत नाहीत. तळाशी थोडा वितळलेला रस राखायचा, त्यावर पुढचा माल लवकर वितळतो. शिवाय दर ओतकामाचे तुकडे, रनर-रायझर, परत भट्टीतच जातात. म्हणजे आजच्या रसात कालचा असतो आणि कालच्यात परवाचा. खूण तिच्या भट्टीत मुरली होती. उत्तर मंडळाच्या कुठल्याही बंदरावर तिचा माल पाय ठेवू शकत नव्हता. करारात शिरायला तिला एक सही लागली होती. बाहेर पडायला भट्टी, साचलेला माल आणि शेडमधलं सगळं लोखंड टाकून द्यावं लागलं असतं.

आता विरजणाचं.

त्रिशलाचे वडील बापू मगदूम आणि दस्तगीर मुल्लाणी हे एकाच हाताखाली शिकलेले, यल्लाप्पा मिस्त्रींच्या. दोघांनी शेजारी शेजारी भट्ट्या घातल्या, मधल्या भिंतीत ये-जा करायला छोटी दिंडी ठेवली. यल्लाप्पा मिस्त्रींचा रिवाज असा, की भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, नवीन घातलं की पहिल्या रसात विरजण शेजारच्या भट्टीचं टाकायचं. स्वतःच्या भट्टीचं चालत नाही, मागूनच आणायचं. शेजारी हातलाडल नावाच्या दांड्याच्या भांड्यात धगधगता रस घेऊन दिंडीतून यायचा. घेणाऱ्याने विचारायचं, “कुणाच्या भट्टीचं?” देणाऱ्याने सांगायचं, “यल्लाप्पा मिस्त्रींच्या भट्टीचं.” मग सगळ्यांनी म्हणायचं, “चांगलं लागू दे.” त्याचा लोखंडाला उपयोग काय, हे इंजिनियर झालेल्या त्रिशलाने एकदा वडिलांना विचारलं होतं. बापू म्हणाले होते, “लोखंडाला कशाला? आपल्याला.”

गेल्या पावसाळ्याआधी मामांनी लायनिंग बदललं, तेव्हा त्रिशला स्वतः लाडल धरून दिंडीतून गेली. बापूंनंतर ते तिचं काम होतं. मामांनी विचारलं, तिने सांगितलं, सगळे म्हणाले. गटाबाहेर लोखंड द्यायचं नाही हे तिला पाठ होतं, ट्रकच्या प्रत्येक फेरीला ती दहादा तपासायची. पण विरजण म्हणजे माल, असं तिच्या मनातही आलं नाही. शेजारी दही लावायला विरजण मागायला आला तर कुणी त्याला निर्यात समजत नाही.

मामांचं लोखंड तोवर सगळं बेवारस होतं. जुन्या गिरण्यांचं, मोडलेल्या नांगरांचं भंगार. त्यांची गिऱ्हाइकं आफ्रिकेतली, आणि ते देश नुकतेच उत्तर मंडळात गेलेले. त्या मंडळात त्रिसागरची खूण शेकडा दोनपर्यंत चालायची. मामांच्या चाकांत ती शेकडा चार निघाली.

ट्रेलर निघून गेल्यावर त्रिशला दिंडीतून पलीकडे गेली. मामा परत आलेल्या चाकांच्या ढिगाशी स्टुलावर बसले होते आणि एकेका चाकावर थाप मारून आवाज ऐकत होते. आवाज चांगला येत होता.

“मामा, हे माझ्यामुळं झालंय.”

“बस की. च्या सांगतो.”

“चहा नको. तुम्ही त्यांना सांगा, खूण माझ्या भट्टीतनं आली. चुकून आली म्हणून उगम दाखवला की तुमचं नाव काळ्या यादीतनं काढतात. नियम वाचलाय सगळा.”

“आनि तुझं?”

तिने एका चाकावरची धूळ पुसली.

“तुझं काय व्हतंय ते बी वाचलं असशील की,” मामा म्हणाले. “गळती म्हनून तुला भाईर काढतील. भाईर काढल्यावर तुझं लोखंड कोन घेनार? माझं चार टक्क्याला परत आलंय. तुझं तर समदंच तसलं.”

“माझं मी बघते.”

“काय बघतीस? साठ मानसं हायती तुझ्याकडं. शिवगोंडाची पोरगी औंदा बारावीला हाय. सांग, काय बघतीस?” त्यांनी पुढच्या चाकावर थाप मारली. “ह्ये बघ, किती गोड वाजतंय. आनि म्हनं परत.”

पंधरवड्याने त्रिसागरचा पडताळणी अधिकारी आला. उत्तर मंडळाने तक्रार केली होती, की ह्या वसाहतीतून तुमची खूण आमच्याकडे झिरपते आहे. अधिकाऱ्याचं नाव सौमित्र पेंढारकर. तरुण, पुण्याचा, बोलायला मऊ. ज्याच्यावर मनसोक्त चिडावं अशी सोयसुद्धा तो ठेवत नसे. वसाहतीच्या कार्यालयात त्याने गल्लीतल्या सगळ्यांना बसवलं.

“मुल्लाणीसाहेब, यंत्र खूण कुठल्या गटाची ते सांगतं, कुठल्या भट्टीची ते नाही. इथं सहा फाउंड्र्या त्रिसागरचं लोखंड वापरतात. तुम्हीच सांगितलंत तर बरं. सांगितलंत तर तुमचं नाव मोकळं होईल. मी स्वतः उत्तर मंडळाला कळवीन.”

“बाजारातलं भंगार घेतलं साहेब. कुठलं त्ये काय लक्षात ऱ्हातंय?”

“मग तुमची बंदी कायम राहील. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.”

पेंढारकर त्रिशलाकडे वळला. “मॅडम, तुम्ही अगदी शेजारी आहात. तुमच्या भिंतीत एक दार आहे, असं दिसतं. तुमच्याकडून काही गेलं होतं का?”

त्रिशला उठून उभी राहिली. घरून निघताना तिने वाक्य ठरवून ठेवलं होतं. खिडकीतून तिच्या शेडचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन आत जाताना दिसत होती. तिने तोंड उघडलं.

“तिच्याकडनं कसं जाईल साहेब?” मामा मध्येच हसत म्हणाले. “आमचं बोलनंच न्हाई. बापू गेल्यापास्नं. भिंतीवरनं वाद हाय. त्ये दार कवाच बंद हाय.”

खोलीतल्या प्रत्येकाला हे धडधडीत खोटं आहे हे माहीत होतं. प्रत्येकाने मान खाली घातली. पेंढारकरने त्रिशलाकडे पाहिलं. “असं आहे का, मॅडम?”

“हो,” त्रिशला म्हणाली.

तिला हलकं वाटलं. एका क्षणासाठी, पण वाटलं. मग त्या हलकेपणाची अशी लाज वाटली की घरी जाऊन ती जेवलीसुद्धा नाही.

खोटं बोलणं सोपं असतं, ते रोज निभावणं कठीण. पेंढारकर दर महिन्याला पाहणीला यायचा. कार्यालयात, चहाच्या टपरीवर, गल्लीत, कुठेही दोघं बोलताना दिसली असती तर सगळं उघडं पडलं असतं. दिंडीला कुलूप लागलं. मामा समोरून आले तर त्रिशला मोबाइल कानाला लावायची. ईदला शिरखुर्मा आला नाही. तिने वाट पाहिली आणि मग वाट पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडली. बापूंच्या वर्षश्राद्धाला मामा पहिल्यांदाच आले नाहीत. वाद नसताना वाद चालवायचा, ह्याच्याइतकं शिणवणारं दुसरं काम नाही. हळूहळू दोन्हीकडची पोरंही एकमेकांना टाळायला लागली. त्यांना वाटलं, काहीतरी खरंच असेल.

मामांची भट्टी दिवाळीला गार पडली. मांडव उतरवल्यावर अंगण दिसतं तशी त्यांची शेड भिंतीवरून दिसायची. त्रिशला तिकडे बघायचं टाळायची आणि दिवसातून दहादा बघायची.

मग खरेदीदाराने कॅलिपरची मागणी दुप्पट केली. भाव तोच. एवढं ओतायला तिच्याकडे भट्टी पुरेना. नियमात सोय होती, की वसाहतीतल्या दुसऱ्या फाउंड्रीला पोटपुरवठादार म्हणून साखळीत घेता येतं. लोखंड, साचे, भाव, सगळं साखळीचं. हात फक्त त्याचे. त्रिशलाने पेंढारकरला मामांचं नाव सुचवलं.

“पण तुमचं तर पटत नाही ना?” तो आश्चर्याने म्हणाला.

“कामाला पटायची काय गरज आहे?”

“मॅडम, हे फार मोठेपणाचं आहे,” तो म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. “तशीही त्यांना बाहेर कुठे जागा उरलेली नाही.”

निरोप घेऊन शिवगोंडा गेला. तिचा भट्टीवाला, बापूंच्या वेळेपासूनचा. परत आला तो दाराशीच उभा राहिला.

“काय म्हणाले?”

“म्हनले, माझ्या मानसांनी घरात बसून किती दिस काढायचे. करतो म्हनावं.” शिवगोंडाने टोपी काढून डोकं खाजवलं. “कडबाकुट्टीचे लाकडी पॅटर्न फळीवरनं काढून खाली ठिवत हुते.”

आणि भट्टी पेटली. त्रिशलाला आनंद झाला, झाला नाही असं कसं म्हणावं? भिंतीपलीकडून पुन्हा घणाचे, साखळ्यांचे आवाज यायला लागले. पण ती गणित शिकलेली बाई होती. पलीकडे दर पाळीला त्रिसागरचं लोखंड वितळत होतं, तळचा जुना रस दर वेळी थोडा थोडा पातळ होत होता. गिरण्यांचं, नांगरांचं, यल्लाप्पा मिस्त्रींच्या काळापासून फिरत आलेलं ते बेवारस लोखंड कॅलिपर होऊन व्हिएतनामला चाललं होतं. तिला मिळणाऱ्या भावातूनच ती मामांना भाव देत होती, म्हणजे तिचा गळा जितका आवळला जाई त्याच्यापेक्षा थोडा जास्त त्यांचा. तिने त्यांना आत घेतलं होतं. बाहेर काढायची चावी तिच्याकडे नव्हती, कारण ती तिच्या स्वतःच्या दारालाही नव्हती.

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला त्रिशलाच्या भट्टीचं लायनिंग संपलं. नवीन घातलं, सुकवलं, खंडेनवमीला हत्यारं पुजली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला रस धरला. नेमका त्याच दिवशी पेंढारकर वार्षिक पाहणीला हजर. त्याला झेंडूचा हार आणि आपट्याची पानं मिळाली, तो खूश होता.

रस तयार झाला. शिवगोंडा मळी काढून बाजूला झाला आणि त्रिशलाकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले. विरजण कोण आणणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

“कशाची वाट बघताय?” पेंढारकरने विचारलं.

“कशाची नाही. ओता,” त्रिशला म्हणाली.

तेवढ्यात दिंडीच्या कुलपाचा आवाज झाला. गंजलेलं दार दोनदा अडलं आणि तिसऱ्या धक्क्याला उघडलं. दस्तगीरमामा आत आले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. एका बाजूने त्यांनी आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या माणसाने हातलाडल धरला होता, आणि त्यात लालभडक रस हलत होता.

“अरे वा,” पेंढारकर म्हणाला. “हे काय?”

शिवगोंडाने सांगितलं, की साहेब, अशी अशी पद्धत आहे. लायनिंग नवं घातलं की शेजारचं विरजण. कायमचीच पद्धत.

“कायमची,” पेंढारकर म्हणाला. त्याने लाडलकडे पाहिलं, मग उघड्या दिंडीकडे, मग त्रिशलाकडे. मागच्या वर्षीची चौकशी त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेली तिला स्पष्ट दिसली. त्याला कळलं होतं. तिला वाटलं, बरं झालं. निदान हे संपलं.

पेंढारकरने मामांना थांबायची खूण केली. नमुन्याच्या चमच्याने थेंबभर रस घेतला, पाण्यात विझवला, त्या गोळीवर यंत्र टेकवलं. बारीक ठिणगी उडाली. पडदा हिरवा झाला.

“काही हरकत नाही,” तो समजूतदारपणे हसत म्हणाला. “जे झालं ते झालं. आता तुम्ही दोघंही आतलेच आहात. आतल्या आत दिलं-घेतलं त्याला गळती म्हणत नाहीत. पद्धत चालू ठेवा, छान आहे.”

त्याने माफ केलं होतं. माफ करायला त्याचं काहीच खर्ची पडत नव्हतं. मामांचं खोटं, वर्षभराचा अबोला, न आलेला शिरखुर्मा, सगळं क्षणात निरुपयोगी झालं. त्रिशलाला त्याचा इतका संताप आला की डोळ्यांसमोर भट्टी अंधुक झाली. पण संताप कुणावर काढायचा? तो तर हसत होता.

लाडलमधला रस गार होऊन चालणार नव्हता. ती पुढे झाली. मामा अगदी समोर उभे होते. वर्षभरात ते म्हातारे झाले होते, आणि ते तिला मोबाइलच्या आडून दिसलं नव्हतं.

“मामा,” ती म्हणाली. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, “कुणाच्या भट्टीचं?”

मामांनी तोंड उघडलं. वर्षानुवर्षं त्याच जागी दिलेलं उत्तर होतं ते, तीन शब्दांचं. त्यांनी लाडलमध्ये पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. खोटं बोलायची हिंमत त्यांनी एकदा केली होती. ह्या रसासमोर, यल्लाप्पा मिस्त्रींच्या नावाने, ती त्यांना होईना.

पेंढारकरला वाटलं, म्हातारबुवांना ऐकू आलं नाही. मदत करावी म्हणून त्याने पडदा वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

“त्रिसागर, शेकडा शंभर. बेवारस शून्य.”

मामांनी लाडल कलता केला. त्रिशलाकडून गेलेलं लोखंड त्रिशलाच्या भट्टीत परत पडलं आणि रस वर येऊन पुन्हा सपाट झाला.

“चांगलं लागू दे,” शिवगोंडा हळूच म्हणाला. बाकी कुणी म्हटलं नाही.